मुलीचा लॅपटॉप मीच निवडणार

७ डिसेंबर, बुधवार

चिनात्सूला प्रवेश मिळाला. आओमोरीकडचं सरकारी विद्यापीठ, विज्ञान शाखा, विषय भूकंप. तोही शाळेच्या शिफारशीवर. म्हणजे जानेवारीत बाकीच्यांची पोरं परीक्षेच्या धास्तीने पांढरीफटक पडलेली असतील तेव्हा आमची बया मोकळी. शिफारस शाळेची, पण डोकं कुणाकडून आलं हे सांगायला नको.

भूकंपाचा अभ्यास म्हणजे हल्ली जमीन खणत नाहीत, प्रोग्रॅमिंग करतात. जेवताना मी जाहीर केलं की लॅपटॉप मी निवडणार. माझी बायको सुमिए भात वाढता वाढता थांबली. चिनात्सूने मान खाली घातली. दोघी भारावल्या होत्या.

साहजिक आहे. उत्सुनोमिया शहरात लॅपटॉपमधलं माझ्याइतकं कळणारा माणूस दाखवा. इतकी वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काढली, त्यातली बहुतेक कॉम्प्युटर विभागात. दोन वर्षांपूर्वी मॅनेजरने मला दिवे आणि सेलच्या विभागात हलवलं, कारण तिथे अनुभवी माणूस हवा होता. तो म्हणाला, "तिथे कुणी काही विचारायला येत नाही, कुरोकीसान. तुम्हीही निवांत, गिऱ्हाईकही निवांत." कदर लागते हो.

विद्यापीठाच्या सहकारी भांडाराचा जाडजूड कॅटलॉग आला आहे. नव्या मुलांनी म्हणे लॅपटॉप त्यांच्याकडूनच घ्यावा. मोठी मुलं छोट्या मुलांना विकणार. न उघडता रद्दीत टाकला. सुमिए लगेच उठून रद्दी बाहेर ठेवायला गेली. रद्दीचा दिवस शुक्रवार, पण तिचा उत्साह पाहून बोललो नाही.

८ डिसेंबर

खरं कारण इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

फ्रिज विभागातल्या एकाचा मुलगा ओसाकाला शिकायला गेला. दोन वर्षं झाली, बापाला एक फोन नाही. बाप जेवणाच्या सुट्टीत फोन टेबलावर उताणा ठेवून बसतो आणि सूप गार करतो. मला त्याची कीव येते. चूक त्याचीच आहे, मुलाला स्वतःच्या विषयातलं काहीच दिलं नाही.

चिनात्सूचा लॅपटॉप मी निवडला की तो अडला की ती कुणाला विचारणार? मलाच. आणि लॅपटॉप अडतोच. आठवड्यातून तीन फोन धरून चालतो. सुमिएला हे सुचणार नाही. ती मुलीला लोणच्याच्या बरण्या पाठवणार. बरणी अडते का कधी?

९ डिसेंबर

विद्यापीठाचं पत्रक वाचलं. हलका हवा, बॅटरी दिवसभर टिकणारी हवी, मेमरी सोळा. बस, एवढंच. हे लिहिणाऱ्या प्राध्यापकाने आयुष्यात एक तरी लॅपटॉप विकला आहे का?

जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटर विभागात चक्कर टाकली. तिथे हल्ली नेझू म्हणून पोरगा आहे. सव्वीस वर्षांचा, केसाला मेण लावतो. म्हणाला, "कुरोकीसान, पत्रकात लिहिलंय तसाच घ्या ना. हलका, सोळा मेमरी. दहा मिनिटांचं काम आहे." दहा मिनिटांचं काम! याच वृत्तीने देश बुडतो आहे. ज्या मांडणीला टेकून तो बोलत होता तिचे स्क्रू मी पिळले आहेत हे त्याला माहीत नाही. सांगितलं तर म्हणाला, हो का, ती हलते जरा.

मॅनेजर येऊन विचारून गेला की दिव्यांपाशी कोण आहे.

१४ डिसेंबर

चिनात्सूला समोर बसवून विचारलं, तुला नक्की काय हवं? म्हणाली, हलका. मग तिला हलक्या यंत्राचे तोटे समजावून सांगितले. सुमारे तासभर. शेवटी तिने कानात इअरफोनची बोंडं घातली. एकाग्रता चांगली आहे पोरीची.

१८ डिसेंबर, रविवार

संकल्प. पोरगी फोन करील तेव्हा बाप तयार हवा. म्हणून पायथन शिकणार. रोज एक तास. पुस्तक आणलं, नाव आहे 'आठवी पास सर्वांसाठी', पण ते सोपं पडेल म्हणून सरळ तिसऱ्या धड्यापासून सुरुवात केली.

१९ डिसेंबर

पुस्तकात चुका आहेत. त्यांनी सांगितलेलं हुबेहूब टाईप केलं, यंत्र लाल अक्षरात काहीतरी म्हणतं. प्रकाशकाला कळवणार.

२० डिसेंबर

दमलो.

२१ ते २८ डिसेंबर

वर्षअखेरची साफसफाई. पायथन जानेवारीपासून. नव्या वर्षात मेंदू ताजा असतो.

३१ डिसेंबर

बारा दुकानं पालथी घालून आज निर्णय झाला. भाग्यपिशवी.

दोन जानेवारीला प्रत्येक मोठ्या दुकानात बंद पिशव्या निघतात. आत काय आहे ते कळत नाही, पण बाहेर लिहिलेल्या किमतीपेक्षा आतला माल जास्तीचा. लॅपटॉपच्याही असतात. सुमिए म्हणाली, चार वर्षं वापरायची वस्तू डोळे मिटून कशी घ्यायची? म्हटलं, तू डोळे मिटून घेशील, मी नाही. आमच्या दुकानात त्या पिशव्या मीच भरत आलो आहे. वर्षभर धूळ खात पडलेला, कुणी हात न लावलेला माल आम्ही त्यात कोंबतो. बाहेरून बघून मला आतलं कळतं.

अर्थात आमच्या दुकानातून घेणार नाही. मूर्ख आहे का मी? आमच्याकडे आत काय असतं ते मला ठाऊक आहे. रस्त्यापलीकडच्या दुकानातून घेणार. ते लोक असलं काही करणार नाहीत.

२ जानेवारी, सोमवार

मोहीम फत्ते.

पहाटेपासून रांगेत. पायाची बोटं गेली, नाक गेलं, पण तिसरा नंबर. पिशव्या उचलून पाहिल्या आणि सर्वांत जड होती ती घेतली. जड म्हणजे आत माल आहे, हा साधा हिशोब. माझ्यामागच्या बाईने हलकी घेतली. मनात म्हटलं, बाई, रडाल.

घरी येऊन कोतात्सूच्या बुटक्या टेबलावर मांडली. गरम पांघरुणात पाय घालून तिघं बसलो, पिशवी चिनात्सूला उघडू दिली. आत पांढराशुभ्र लॅपटॉप. स्क्रीन केवढी मोठी! सीडी घालायची खाच आहे, हल्ली शोधून मिळत नाही. टीव्हीसुद्धा दिसतो. आणि नववर्षाची पोस्टकार्डं छापायचा प्रोग्रॅम आत भरूनच दिला आहे, तीनशे चित्रांसकट, दर वर्षाचा प्राणी वेगळा, ससे, वाघ, डुक्कर सगळे. मेमरी चार आहे, पण ती मनाची समजूत असते.

चिनात्सूने दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि खाली ठेवला. म्हणाली, "बाबा, हा आजीचा टीव्ही आहे."

सुमिए म्हणाली, पोस्टकार्डं तर कालच वाटून झाली, हा परवा आणायचा होतात.

दोघींना आनंद व्यक्त करता येत नाही. माझ्या सासऱ्यांचंही असंच होतं. कांजी पितानासुद्धा कुणी मेल्यासारखा चेहरा.

९ जानेवारी

मेमरी वाढवायला यंत्र उघडलं. पुन्हा बंद केलं तेव्हा तीन स्क्रू उरले. कंपन्या हल्ली सढळ हाताने देतात. आता चालू व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो. चिनात्सूला म्हटलं, बघ, अभ्यासाला बसण्याआधी मन शांत करायला वेळ मिळतो.

आजची गंमत. नेझूने जेवणाच्या खोलीत सर्वांसमोर विचारलं, "कुरोकीसान, मुलीला टीव्ही घेऊन दिलात म्हणे?" सगळे हसले. मीही हसलो. मत्सर माणसाला काय काय बोलायला लावतो.

त्याला कुणी सांगितलं?

२२ जानेवारी, रविवार

आजपासून दर रविवारी चिनात्सूची शिकवणी. पहिला धडा, यंत्राची निगा. तिने जांभई दिली ती तोंड मिटून दिली, हे वळण आमच्या घरचं. अर्ध्या तासाने मैत्रिणीचा फोन आला आणि ती गेली. फोन वाजलेला मला ऐकू आला नाही, पण हल्लीचे फोन वाजत नाहीत.

२९ जानेवारी

शिकवणी. चिनात्सू दाताच्या डॉक्टरकडे. रविवारी दवाखाना उघडा ठेवणारा डॉक्टर म्हणजे कष्टाळू माणूस.

५ फेब्रुवारी

शिकवणी. गाडी चालवायला शिकायला गेली. मी एकट्यानेच धडा पूर्ण केला. सुमिए बाजूला इस्त्री करत होती. विचारलं, कळतंय का? म्हणाली, "तुम्ही चालू द्या. घर कसं शांत आहे या महिन्यात."

तिला आवडतंय.

१९ फेब्रुवारी

पायथन पुन्हा सुरू. पहिल्या धड्यापासून. मोठी माणसं पायापासून सुरुवात करतात.

२० फेब्रुवारी

दमलो. आज एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा दिवा पिवळा उजेड देतो की पांढरा? त्याला प्रकाशाचा सगळा सिद्धांत सांगितला. तो मेणबत्ती घेऊन गेला.

२८ मार्च, मंगळवार

आओमोरीहून परत. गाडीत लिहितो आहे. अक्षर हलतं आहे ते गाडीमुळे.

काल तिघं चिनात्सूला पोचवायला गेलो. अजून रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग. खोली जेमतेम सहा चटया मावतील एवढी. पांढरा लॅपटॉप मी स्वतः पाठीवर वाहून नेला, दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. तीन मजले, लिफ्ट नाही. वर पोचल्यावर बोलायला दम नव्हता, तरी बोललो.

आज सकाळी सहकारी भांडारात गाद्या, तवा, बादली घ्यायला गेलो. तिथे लाल जाकिटातली मोठी मुलं ओरडत होती, ज्यांनी लॅपटॉपची आगाऊ नोंदणी केली आहे त्यांनी इकडच्या रांगेत यावं. चिनात्सू जाऊन रांगेत उभी राहिली. म्हटलं पोरगी गोंधळली, नवीन जागा. हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. सुमिएने माझी बाही धरली.

नोंदणी डिसेंबरातच झाली होती. मी कॅटलॉग टाकला त्याच संध्याकाळी, रद्दीतून काढून.

सुमिएला विचारलं, मग मला सांगितलं का नाही? पिशवीच्या रांगेत मी गारठलो, शिकवण्या घेतल्या. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही भांडारालाही शिकवायला आला असतात. तुमचं तुम्ही काहीतरी करत होतात, आमचं आम्ही. कुणाला त्रास नव्हता."

लाल जाकिटातल्या मुलाने चिनात्सूला खोका दिला. करड्या रंगाचा, एवढासा, पातळ. तिने एका हाताने उचलला आणि हसली. असं हसू पिशवी उघडताना नव्हतं. तो मुलगा मग मला म्हणाला, "काका, चार वर्षांची हमी आहे. पडला, भिजला, चालेना, काहीही होऊ दे. मदत केंद्राला फोन करायचा, आमचीच मुलं उचलतात. घरच्यांना काही म्हणजे काही बघावं लागत नाही. आईबाबांनी आता निर्धास्त राहायचं."

त्याला धक्का देऊन बादल्यांच्या ढिगात पाडावं असं वाटलं. मी म्हटलं, छान.

नंतर शांतपणे विचार केला. दोन यंत्रं असलेली बरी. एक बिघडलं तर दुसरं. ती परवानगी मी दिली. चिनात्सू म्हणाली, खोलीत जागा नाही, बाबा. म्हटलं, उशाशी ठेव. म्हणाली, उशाशी मी असते.

पांढरा लॅपटॉप माझ्या मांडीवर आहे. सुमिए शेजारी डबा खाते आहे. डबा चांगला आहे म्हणते.

१० एप्रिल

चिनात्सूचा फोन नाही. नवीन आहे, गडबडीत असेल. मीच संदेश पाठवला की यंत्रात काही अडलं तर रात्री-अपरात्री विचार. 'वाचलं' अशी खूण आली. म्हणजे तिला पोचलं.

१३ एप्रिल

संदेश पाठवला की बॅटरी शंभर टक्के भरू नये. वाचलं.

१५ एप्रिल

संदेश पाठवला की बॅटरी शंभर टक्के भरावी, नवं संशोधन आहे. वाचलं. उत्तरात एक वाकणारं अस्वल आलं. वाकून नमस्कार करणारं. आदर आहे.

१९ एप्रिल, बुधवार

उशिराची पाळी. घरी आलो तर सुमिए फोन ठेवत होती. चिनात्सू दर बुधवारी आईला फोन करते म्हणे, तासभर. माझ्याबद्दल काय विचारते? सुमिए म्हणाली, विचारते ना, बाबा कामावर गेलेत का म्हणून.

काळजी आहे.

२६ एप्रिल, बुधवार

एप्रिलपासून माझी सुट्टी रविवारऐवजी मंगळवारची, ती बदलून बुधवारची घेतली. दिवसभर फोनपाशी. आला नाही.

२७ एप्रिल

काल रजा घेतल्यामुळे आज दुहेरी काम. मी कामावर असताना फोन आला होता.

११ मे

मेच्या सुट्ट्यांत पोरगी आली नाही. विद्यापीठातच कसलंसं काम मिळालंय. कसलं ते सुमिएला माहीत आहे, पण तिने भाजी जळेल म्हणून विषय बदलला. भाजी फ्रिजमध्ये होती.

फ्रिज विभागातला तो आज मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसला. आम्ही दोघांनी फोन उताणे ठेवले आणि सूप प्यायलो. त्याचा वाजला. मुलाचा नव्हता, विम्याचा होता, पण वाजला.

६ जून, मंगळवार

एक जबाबदार बाप म्हणून मी आज सहकारी भांडाराच्या त्या मदत केंद्राची परीक्षा घ्यायचं ठरवलं. कसल्या पोरांच्या हाती मुलीचं शिक्षण सोपवलंय ते कळायला हवं. खरं नाव सांगण्यात अर्थ नव्हता. तोंडात पहिलं आलं ते सांगितलं, नेझू. मुलगी तुमच्याकडे शिकते म्हटलं, तेवढं खरंच आहे.

एका मुलीने उचलला. नाव सांगितल्यावर तिने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग फार अदबीने, "नमस्कार, नेझूसान. बोला, काय अडलंय?" आवाज अगदी चिनात्सूसारखा. पण दोन वाक्यांतच खात्री पटली की ती नव्हे. चिनात्सू इतकं गोड बोलत नाही.

म्हटलं, यंत्र चालू व्हायला वेळ लागतो. किती लागतो, तिने विचारलं. म्हटलं, चहा होईपर्यंत. हसली. मग एकेक करून काय दाबायचं ते सांगत गेली. मी मध्ये मध्ये तिच्या चुका दाखवल्या, तिने ऐकून घेतलं, आणि मग पुन्हा तेच सांगितलं. शेवटी ती म्हणाली तसं केलं. यंत्र लगेच चालू झालं. चहा प्यायलाच नाही.

केंद्र ठीक आहे. आणखी तपासावं लागेल.

१३ जून, मंगळवार

तीच मुलगी. मंगळवारी दुपारी तीच असते. आज पायथन विचारलं. तिने पहिल्या धड्याचं पहिलं वाक्य सांगितलं. मी टाईप केलं. लाल अक्षरं आली. म्हणाली, "नेझूसान, घाबरू नका, ती लाल अक्षरं रागावत नाहीत, कुठे चुकलं ते सांगतात. वाचा बघू मला." वाचलं. कंस राहिला होता.

मग पडद्यावर उमटलं: नमस्कार.

पन्नाशी उलटल्यावर माझं काहीतरी एखाद्या यंत्राने ऐकलं. माझे डोळे भरून आले, हे इथेच लिहितो.

तिला म्हटलं, तू शिकवतेस छान. आमच्या मुलीला हे सांगायला गेलं की ती उठून जाते. यंत्राच्या बाबतीत जरा मंदच आहे ती, माझ्यावाचून तिचं पान हलत नाही. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. लिहून घेत असेल.

२० जून, मंगळवार

दुकानात सगळा आठवडा मंगळवारची वाट पाहिली. अडचणी आधीच ठरवून ठेवल्या होत्या, लवकर संपू नयेत म्हणून.

तिने आज विचारलं, "तुमची मुलगी काय शिकते, नेझूसान?" म्हटलं, भूकंप. भूकंपातलं नक्की काय? ते मला माहीत नव्हतं. तिला कशाची आवड आहे? म्हटलं, हलक्या वस्तूंची. तिला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

मग मी विचारलं, तुला वडील आहेत का? आहेत. काय करतात? दुकानात असतात. म्हटलं, दुकानातली माणसं हुशार असतात. ते तुला फोन करतात का? "हल्ली करतात. दर आठवड्याला."

कोण आहे तो माणूस, नशीबवान आहे. मला त्याचा राग आला. काही लोकांना काही न करता मिळतं.

२७ जून, मंगळवार

एक ते शंभर आकडे यंत्राकडून मोजून घेतले. मी लिहिलेल्या चार ओळींत. ती म्हणाली, शाबास, नेझूसान. दुकानात नेझूला मुद्दाम जाऊन सांगितलं की पायथन येतं मला. तो म्हणाला, "अरे वा, कुणी शिकवलं?" त्याच्या आवाजात या वेळी टिंगल नव्हती, तेच जास्त झोंबलं.

निर्णय: उन्हाळ्याच्या सुट्टीत चिनात्सू आली की तिची आणि या मुलीची ओळख करून द्यायची. तिच्याकडून थोडी रीत शिकेल.

१ जुलै, शनिवार

सुमिए कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "मंगळवारी जरा कमी वेळ बोलत जा. मागे रांग लागते म्हणे."

कुठे, म्हटलं.

"केंद्रात. पोरीला बोलणी बसतात. मेपासून काम करते ती तिथे." आणि मोज्यांची जोडी जुळवली.

मी म्हटलं, कोण पोरगी?

तेव्हा तिने वर पाहिलं. चार दिवस पाण्याबाहेर ठेवलेल्या माशाकडे बघावं तसं. म्हणाली, "अहो, पहिल्याच दिवशी ओळखलं तिने तुम्हाला. मला वाटलं, तुम्ही दोघं मिळून खेळताय."

मग मी ती काय म्हणाली ते विचारलं. विचारायला नको होतं. सुमिएने मोजे बाजूला ठेवून आठवून सांगितलं, तिचा हेतू वाईट नसतो.

"म्हणाली, ग्राहक म्हणून बाबा बरे आहेत. निदान ऐकून तरी घेतात."

२ जुलै

आवाज ओळखला नाही कारण लाईन खराब होती. आओमोरी लांब आहे.

३ जुलै

लाईन खराब नव्हती. अगदी समोर बसल्यासारखं ऐकू येत होतं. ती मंद आहे असं मी तिलाच सांगितलं, आणि त्यानंतरही तिने मला कंस कुठे घालायचा ते दाखवलं. दुकानात आज दोन गिऱ्हाइकांना चुकीचे सेल दिले. त्यांनी परत आणले तेव्हा वाद घातला नाही. मॅनेजरने बरं नाही का म्हणून विचारलं.

ठरवलं. उद्या फोन करून माझं नाव सांगायचं. सरळ. चूक झाली म्हणायचं. मग ती आणि मी बोलू. तिचा विषय काय तेही विचारीन, आणि ऐकून घेईन. ऐकून घेता येतं मला, आता सिद्ध झालं आहे.

४ जुलै, मंगळवार

दुपारी सुमिए बाजारात गेल्यावर फोन लावला. तिनेच उचलला. म्हटलं, मी कुरोकी बोलतोय. तिथे शिकणाऱ्या चिनात्सू कुरोकीचे वडील.

मागे दुसऱ्या मुलांचे आवाज येत होते, कुणीतरी कुणाला बॅटरी काढून पुन्हा बसवायला सांगत होतं. मी जमवलेलं वाक्य काढणार तेवढ्यात ती बोलली. आवाज अदबीचाच.

"कुरोकीसान, कुरोकी या नावावरच्या लॅपटॉपला काही अडचण नाही. उत्तम चाललाय. आणखी काही मदत हवी होती?"

म्हटलं, नाही. तिने आभार मानले आणि फोन ठेवला.

मग पुन्हा लावला. म्हटलं, नेझू बोलतोय.

"नमस्कार, नेझूसान," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "बोला, आज काय अडलंय?"

मी सांगितलं, स्क्रीन मधूनच काळी होते. तशी होत नाही. पण ते शोधायला वेळ पुष्कळ लागतो.